शाळा समितीचा अध्यक्ष कोण? ऊसतोडीच्या गावातलं एक प्रकरण

हे एकदा सविस्तर लिहून काढायचं खूप दिवस डोक्यात होतं, कारण बाया विचारतात ताई तुमी शाळा समितीच्या अध्यक्ष कशा झालात आन मी दर वेळी वेगळंच काहीतरी सांगते. गावाचं नाव लिहीत नाही, माणसांची बी नाही, आम्हाला इथंच राहायचंय. बीड जिल्हा, डोंगरपट्ट्यातलं गाव, जि. प. ची शाळा पहिली ते सातवी, त्या वर्षीचा पट ९६. मी बारावी पास, घरात पिठाची गिरणी आणि एक शिलाई मशीन, नवरा पिकअप चालवतो, पोरगी तेव्हा चौथीत.

आधी गाव कसं आहे ते सांगते नाहीतर पुढचं कळणार नाही. दसरा झाला की गाव रिकामं व्हायला लागतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात आणि ती फिटेपर्यंत कोल्हापूर, सांगली नाहीतर पार कर्नाटकात उसाच्या फडावर. परत येतात ते मार्च-एप्रिलला, कधी त्याच्या बी पुढं. मागं राहतात म्हातारी माणसं आणि ज्यांना मागं ठेवणं जमलं ती पोरं. जी पोरं आईबापाबरोबर जातात त्यांची शाळा तिथंच सुटते, कागदावर शिक्षण हमी पत्रक मिळतं, जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून, पण फडावरून शाळेत जाणारं पोरगं मी तरी कमीच बघितलं. म्हणून सरकारनं हंगामी वसतिगृह काढलं. नाव वसतिगृह, पण आमच्याकडं पोरं रात्री आज्जीकडंच झोपतात, सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत आणि दुपारची खिचडी नेहमीची. आणि हे वसतिगृह चालवतं कोण तर शाळा व्यवस्थापन समिती. पैसे मुलामागं येतात, जितकी पोरं यादीत तितके पैसे, सही अध्यक्षाची आणि हेडसरांची. आता कळलं ना समितीसाठी सरपंचकीएवढी चुरस कामून असते. एरवी शाळेला वर्षाला जे संयुक्त अनुदान येतं ते ३१ ते १०० पटाला २५ हजार, १०० च्या पुढं गेलं की २५० पर्यंत ५० हजार. आमचा पट ९६, म्हणजे पाच पोरांसाठी २५ हजार गेले, हेडसर हे दर वर्षी हळहळून सांगायचे. पण २५ हजारासाठी कुणी भांडत नाही हो, खडू, लाईट बिल आणि झाडू यातच ते संपतात.

माझा यात काही संबंध नव्हता. फेब्रुवारीत मी पोरीचं बोनाफाईड आणायला शाळेत गेले, सर फोनवर बोलत होते आणि टेबलावर एक यादी पडलेली. मला उलटं वाचता येतं, गिरणीवर समोरच्याची वही उलटी वाचायची सवय लागलीय. हंगामी वसतिगृह लाभार्थी, एकूण ६१, आणि बाविसाव्या नंबरला माझ्या पोरीचं नाव. माझ्या पोरीचं! आम्ही दोघं गावात, पोरगी तिन्ही त्रिकाळ घरी जेवते. बोलले काहीच नाही, बोनाफाईड घेतलं आणि घरी आले. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला असेल चुकून, गप बस. दिराची दोन पोरं आमच्याकडंच राहायची कारण दीर-जाऊ फडावर, ती पोरं खरोखरच वसतिगृहात जेवायला जायची, त्यांना विचारलं संध्याकाळी पंगतीला किती जण असतात रे? थोरला म्हणाला, काकू तीन ताटल्या उरतात. शाळेत ताटल्या किती? चाळीस.

तर पार्श्वभूमी ही. समितीची मुदत त्याच वर्षी जुलैत संपत होती.

नियम काय आहे ते मी आधी पाठ केलं, मोबाईलवर जीआर, म्हणजे सरकारी निर्णय, काढून. शिक्षण हक्क कायदा २००९, त्याचं कलम २१, आणि आपल्या राज्याचा २०१० चा जीआर. बारा ते सोळा सदस्य, त्यातले ७५ टक्के पालक, एकूणात निम्म्या बाया, वंचित घरातल्या पोरांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. उरलेल्या पाव हिश्श्यात ग्रामपंचायतीचा एक सदस्य, एक शिक्षक आणि गावातला एखादा शिक्षणातला जाणकार. हेडसर सचिव. दोन विद्यार्थी पण असतात पण त्यांना मत नाही. अध्यक्ष-उपाध्यक्ष पालकांमधूनच. पालकांची निवड पालक सभेत. दर दोन वर्षांनी नवीन समिती, महिन्याला एक तरी बैठक. एवढंच आहे, दोन पानात मावतं. पण गावात कुणालाच ते माहीत नव्हतं कारण आमच्याकडं प्रथा अशी की चावडीवर चार माणसं बसून ठरवतात, हेडसर वहीत बिनविरोध लिहितात आणि वही घरोघर फिरते सह्यांना. निम्म्या बाया लागतात ना, मग ह्याची भावजय, त्याची सून. त्या बायांना आपण समितीत आहोत हे कधी कधी माहीत बी नसतं.

प्रचार म्हणाल तर गिरणीवर झाला. दळण घालायला बाई आली की मी डबा तोलता तोलता एकच वाक्य बोलायचे, सोमवारी पालक सभा आहे, येणार ना? जास्त काही नाही. यादीचं कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सभेच्या आधीच सगळं बोंबललं असतं आणि माझ्याकडं कागद कुठं होता. बचत गटाच्या मीटिंगला मात्र स्पष्ट म्हणाले की मी उभी राहणार आहे. एकजण म्हणाली कशाला गं त्या मुकादमाच्या नादी लागतीस, अध्यक्ष त्याचाच भाऊ व्हायचा ठरलाय, तुझा दीर त्याच्याच टोळीला आहे. ते मला काय माहीत नव्हतं का.

सभेला ४३ पालक आले. आधी दहा-बारा यायचे म्हणून हेडसर गडबडले, पाचवीच्या वर्गातून सतरंज्या आणाव्या लागल्या. मुकादमाचा भाऊ पहिल्या ओळीत, पांढरे कपडे, त्याचं नाव अध्यक्ष म्हणून अगोदरच ठरलेलं. आता गंमत बघा, त्याची स्वतःची दोन्ही पोरं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला, सकाळी पिवळी गाडी येते न्यायला. म्हणून तो उभा राहिला भाच्याचा पालक म्हणून. भाचा तिसरीत. मी उठून विचारलं, दादा, पोरगं झोपतं कुणाच्या घरी? सगळा वर्ग गप. पोराची आई, म्हणजे त्याची सख्खी बहीण, तिथंच मागं बसलेली, डोक्यावरचा पदर पुढं ओढून. मी हेडसरांना म्हणाले सर तुमीच वाचून दाखवा पालक कोण ते. त्यांनी वाचलं, आई किंवा बाप, नाहीतर ज्याच्या ताब्यात नि देखभालीत मूल आहे तो. वाचताना त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

तेवढ्यात त्यांच्यातलाच एक ओरडला, मग ती म्हातारी इथं कामून बसली, ती कुठं पालक आहे? म्हातारी म्हणजे आमच्या गल्लीतली आज्जी, सत्तरीची, नात पाचवीत. मुलगा वारला, सून पुण्याला बांधकामावर, नात लहानपणापासून हिच्याकडं. आज्जी उभी राहिली आणि म्हणाली, "पोरीला ताप आला तर रातच्याला दवाखान्यात कोण नेतंय? मी नेते. तिच्या डोक्यातल्या उवा कोण काढतंय? मग म्या पालक नाही तर कोण, तू हायेस का?" हशा पिकला. खरं सांगते, ती निवडणूक तिथंच फिरली, माझ्या जीआरनं नाही. ज्या नियमानं मामा बाहेर गेला त्याच नियमानं आज्जी आत आली, आणि नऊ पालकांत तिचं नाव पहिलं आलं.

मतदान हात वर करून घ्यायचं म्हणत होते. मी चिठ्ठ्या मागितल्या, कारण मुकादमासमोर हात वर कोण करणार, निम्म्या घरांनी उचल घेतलेली. पोरीच्या वहीची चार पानं फाडली, चिठ्ठ्या केल्या आणि खिचडीच्या तांदळाचा रिकामा डबा पेटी म्हणून. वर्गवार पालक निवडले गेले, मग हे नऊ आणि बाकीचे तीन अशा बारा जणांनी अध्यक्ष निवडायचा. मुकादमाचा भाऊ बाद झाला तरी त्यांनी दुसरा माणूस उभा केलाच, त्याचं पोरगं खरंच शाळेत होतं. मला सात, त्याला पाच. शिक्षक प्रतिनिधीनं कुणाला दिलं ते मला आजही माहीत नाही आणि मी विचारलं पण नाही.

इथपर्यंत सगळं शौर्याचं वाटतं ना, आता माझी चूक ऐका. अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच महिन्यात हेडसर म्हणाले ताई, ऑनलाईनचं काम असतं, ऐनवेळी तुमी गिरणीवर असता, पाच व्हाउचरवर सह्या करून ठेवा. केल्या मी. कोऱ्या. इतकं भांडून आलेली बाई आणि कोऱ्या कागदावर सह्या. ऑक्टोबरात खर्चाचा तपशील मागितला तर त्यातलं एक व्हाउचर क्रीडा साहित्याचं निघालं, ६,४०० रुपये. शाळेत आला होता एक फुटबॉल आणि दोन दोरीउड्या, फुटबॉल तर आठवड्यात बसला. सही माझी. कुणाला काय बोलणार? उरलेली चार व्हाउचर मी त्यांच्यासमोर मागून घेतली आणि तिरक्या रेघा मारून रद्द लिहिलं. सरांना मी चोर म्हणत नाही, त्यांना वरून पण लोक होते आणि गावातून पण, मधल्या मधे माणूस कसा होतो ते मी बघितलंय.

जुनं इतिवृत्त मागितलं तर वही सापडत नाही. अध्यक्षाला वही सापडत नाही म्हणे. मग १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, तीस दिवसात वही सापडली. ६२ पानं, दोन रुपयानं १२४ रुपये भरले. घरी बसून वाचलं, प्रत्येक महिन्याला तेच, विषय क्रमांक १ मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, विषय क्रमांक २ ऐनवेळचे विषय, सर्वानुमते मंजूर. खाली सह्या आणि अंगठे. जानेवारीच्या सभेला एका बाईचा अंगठा होता, स्वच्छ निळा, आणि ती बाई आमच्या जावेच्या टोळीत, जानेवारीत दोघी एकाच फडावर कर्नाटकात. मी जावेला फोन लावला, ती म्हणाली अगं आमी तर त्या साली दिवाळीपासून गावाचं तोंड नव्हतं बघितलं. तो अंगठा कुणाचा ते देव जाणे.

ऑक्टोबर म्हणजे वसतिगृहाच्या यादीचा महिना. कोण स्थलांतर करणार याचा सर्व्हे करून यादी पाठवायची असते. मागची यादी ६१, हेडसर म्हणाले तेवढीच ठेवू, कमी केली तर वरून विचारतील मागच्या वर्षी जास्त कशी. त्यांचं बरोबर होतं, विचारणारच की. मी, आज्जी आणि अजून दोन सदस्य बाया घरोघर फिरलो. लोक खरं सांगत नव्हते, काहींना वाटायचं यादीत नाव असलं तर पैसे मिळतात, काही जण अजून कुठल्या टोळीत जायचं तेच ठरवत होते. दोन दिवसात काहीच ताळमेळ लागेना. तेव्हा आज्जी म्हणाली, "आगं येडे, मुकादमाच्या वहीत बघा की, तिथं कुणी चुकत नस्तंय." आणि खरंच, ज्या माणसाच्या घरचे यादीत खोटी नावं घालत होते त्याच्याच वहीत खरी यादी, कोण कोयता, किती उचल, कोणत्या तारखेला गाडी. वही काही तो दाखवणार नव्हता, पण उचल घेतलेली बाई आपल्या टोळीतली सगळी नावं तोंडपाठ सांगते. टोळीतल्या तीन बायांना गिरणीवर बसवून आम्ही नावं लिहिली. घरात कोणती पोरं राहणार, कुणाकडं, आणि ती आपल्याच शाळेत आहेत का. बेरीज आली ३८.

३८ ची यादी ठरावासकट गेली आणि मग त्रास सुरू झाला. एक, मुकादमानं दिराला सांगितलं उचल परत दे, एक लाख दहा हजार, आठ दिवसात. दीर माझ्यावर चिडला, सासऱ्यांनी तर माझ्या हातचा चहा बंद केला. शेवटी दुसऱ्या मुकादमाकडून उचल घेऊन पहिल्याची फेडली आणि दीर-जाऊ लांबच्या कारखान्यावर गेले, जिथं त्यांची कुणाशी ओळख नाही. त्या वर्षी जावेला फडावर विळा लागला, चार टाके पडले, तेव्हा जवळ गावाकडचं कुणी नव्हतं. हे ती बोलून दाखवत नाही.

दुसरं मला अजून जास्त लागलं. ६१ पोरांच्या पैशात दोन स्वयंपाकीणबाया बसायच्या, ३८ मध्ये एक पूर्ण आणि एक अर्धी. अर्धी झाली ती बाई विधवा, तीन पोरी, खोट्या यादीशी तिचा काडीचा संबंध नव्हता, ती फक्त भाकऱ्या थापायची. तिनं माझ्या गिरणीवर येणं बंद केलं. शेजारच्या गावाला दीड किलोमीटर डोक्यावर डबा घेऊन जायची दळायला, माझ्या दारावरनं. हिशोब बरोबर करताना कुणाचा घास जाईल याचा विचार मी केला नव्हता, खरंच नव्हता. नंतर दुपारच्या खिचडीच्या कामात तिची सोय लागली पण ते पुढच्या जूनला.

आणि पैसे? ते वेळेवर आलेच नाहीत. पोरं तर दिवाळीनंतर जेवायला हजर. आधी किराणा मुकादमाच्या पाहुण्याच्या दुकानातून उधारीवर यायचा, आता त्यानं हात वर केले. मग लोकवर्गणी. घरटी पायलीभर ज्वारी मागितली, दोन क्विंटलच्या वर जमली, मी फुकट दळून दिली, तेल-डाळ बचत गटातून उसनं. असं दीड महिना ढकललं. जानेवारीत एका संध्याकाळी शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी न सांगता आले, मोटरसायकल लांब लावून चालत. पंगत बसलेली, त्यांनी एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजलं, ३६. दोघं तापानं घरी, त्यांचे डबे झाकून बाजूला ठेवलेले. ते डबे त्यांनी उघडून बघितले. पंधरा दिवसात पैसे जमा झाले, डबे बघून झाले का तसेही होणार होते कोण जाणे.

मागच्या ६१ चं काय झालं विचाराल. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं अर्ज दिला, सोबत माझ्या पोरीचं नाव असलेली यादी आणि त्या अंगठ्याचं पान. चौकशी लागली, एकदा साहेब येऊन जबाब घेऊन गेले. अहवाल मी बघितला नाही, दोनदा मागितला, प्रक्रियेत आहे म्हणाले. हेडसरांची नेहमीच्या ऑनलाईन बदल्यांत बदली झाली, जाताना मला म्हणाले ताई तुमी बरोबर होतात पण मला दोन वर्षं झोप नाही लागू दिली.

आणखी एक करायचं राहून गेलं ते शाळा विकास आराखडा. कायद्यानं समितीनं तो बनवायचा असतो, तीन वर्षांचा, आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी. आमचं सगळं डोकं वसतिगृहात, आराखडा नवीन सरांनी शेजारच्या शाळेचा उतरवून काढला, त्यात आमच्या शाळेला नसलेली विहीर पण आली होती, ती मी सही करताना पकडली. पाण्याची टाकी मात्र ग्रामपंचायतीकडून मिळाली, वित्त आयोगाच्या पैशातला ठराविक भाग पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा असतो, हे महिला सभेत मांडलं आणि मग ग्रामसभेत ठराव झाला.

दोन वर्षं संपली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुकादमाच्या भावानं धाकट्या पोराचं नाव इंग्लिश मीडियममधून काढून आमच्या शाळेत तिसरीत घातलं. सगळं गाव हसलं कारण जुलैत पालक सभा होती. आता तो खराखुरा पालक, कुणी काही बोलूच शकत नाही. त्याचं बघून त्याच्या वस्तीवरच्या अजून चार घरांनी पोरं आणली आणि त्या वर्षी पट १०१ झाला. सभेला ७० च्या वर पालक होते, तो रीतसर चिठ्ठ्यांवर निवडून आला, सदस्य म्हणून. अध्यक्ष दुसरीच बाई झाली, मी सदस्य आहे, आज्जी पण.

परवाच्या बैठकीत तो तणतणत आला. पोरगं घरी सांगत होतं खिचडीला चवच नाही. चव नोंदवही मागवून घेतली, तिथल्या तिथं पातेल्यातली खिचडी ताटलीत घेऊन खाल्ली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं, मीठ कमी, हळद जास्त, डाळ शिजली नाही. खाली सही, तारीख. आज्जीनं ताटली पुढं केली, मला बी वाढ म्हणाली.